चौदा किलोमीटर आणि एक दबलेला मणका

मनीषनगर ते झिंगाबाई टाकळी हे अंतर साधारण 14 किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा 35 ते 40 मिनिटं सांगतो. एवढ्याशा प्रवासाच्या तयारीला मला नऊ दिवस लागले. त्यातल्या तीन सकाळी मी ॲक्टिव्हावर वही घेऊन गतिरोधक मोजत फिरले. ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर काय सांगणार होते, ब्रेकर मोजून राहिली म्हणून?

त्याचं असं झालं. बाबा दिवाळीला माझ्याकडे आले ते ऑटोने. मागच्या सीटवर एकटे, मांडीवर अनारशांचा डबा. वाटेत कुठल्याशा न रंगवलेल्या ब्रेकरवरून ऑटो उडाला. बाबा सीटवरून वीतभर वर गेले आणि खाली आपटले. अनारशांचा डबा त्यांनी सोडला नाही, हे ते अजून अभिमानाने सांगतात. उतरले तेव्हा म्हणाले, "उसण भरली वाटते." चार दिवस शेक झाला, तेल झालं, शेजारच्या काकूंनी सांगितलेला लेप झाला. पाचव्या दिवशी पलंगावरून उठता येईना तेव्हा फोटो काढला. कंबरेचा पहिला मणका दबलेला निघाला. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "खड्ड्यात गाडी आदळली होती का?" असे पेशंट त्यांच्याकडे येतच असतात म्हणे. 79 वर्षांचं हाड ठिसूळ झालेलं असतं. पडायची गरज नाही, एक आपटी पुरते. ऑपरेशन नको, पट्टा बांधा, सहा आठवडे जपा.

सहा आठवडे बाबा माझ्याकडे राहिले. सातवा लागायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "आता मले माह्या घरी नेऊन सोड." त्यांचं घर म्हणजे धाकट्या भावाचं झिंगाबाई टाकळीचं घर. तिथे त्यांचा पलंग, त्यांची तुळस, आणि संध्याकाळी ओट्यावर बसणारी चार म्हातारी मंडळी. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या. फक्त धक्का बसू देऊ नका, आणि एका वेळी अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त बसवू नका.

धक्का नको आणि पाऊण तास. नागपूरच्या दक्षिण टोकाहून उत्तर टोकाला या दोन अटींवर पोचायचं होतं. हळू गेलं तर वेळ सरतो, आणि वेळ गाठायला गेलं तर मणका.

पहिला विचार ॲम्ब्युलन्सचा. बाबांनी तो एका वाक्यात संपवला. "मी काय मेलो काय वं, ॲम्बुलन्समंधी टाकून न्यायले?" मला तो तसाही पटला नव्हता. टपासारख्या व्हॅनची मागची स्प्रिंग कडक असते आणि झोपवलेला माणूस नेमका मागच्या चाकांवर येतो. आमचे हे पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकवायचे, आता निवृत्त आहेत. त्यांनी कागदावर गाडी काढून दाखवली. पुढचं आणि मागचं चाक यांच्या मधल्या भागात धक्का सगळ्यात कमी, चाकांच्या पलीकडे सगळ्यात जास्त. बसमध्ये मागच्या सीटवर बसलेली माणसं का उडतात, ते मला लग्नानंतर 26 वर्षांनी समजलं.

दुसरा विचार मेट्रोचा, आणि तो बाबांचा स्वतःचा. रूळावर कुठला आला ब्रेकर? खरंच होतं. उज्ज्वलनगर स्टेशन आमच्यापासून जवळ, लिफ्ट आहे, ऑरेंज लाईन थेट कडबी चौक, इंदोरा, ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाते, सीताबर्डीला गाडी बदलायची गरज नाही. पण ऑरेंज लाईन कामठी रोडने जाते आणि बाबांचं घर कोराडी रोडच्या अंगाला. म्हणजे उतरल्यावर पुन्हा गाडी. घरून स्टेशनपर्यंत एक गाडी, मग मेट्रो, मग दुसरी गाडी. पट्टा बांधलेल्या माणसाला बसण्यापेक्षा बसताना-उठताना जास्त दुखतं. कारमध्ये तो त्रास एकदाच होणार होता, मेट्रोत तीनदा. बाबा दोन दिवस रुसले. त्यांना मेट्रोच्या खिडकीतून झिरो माईल वरून पाहायचा होता.

तेव्हा कार. आमची जुनी वॅगनआर, आणि मी तिच्या उंच सीटचे पहिल्यांदाच आभार मानले. बुटक्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला वाकून खाली बसावं लागतं, हिच्यात जवळजवळ खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. बाबा पुढे बसणार, सीट मागे सरकवून, पाठ थोडी तिरपी करून. फिजिओथेरपीवाल्या मुलीने एक युक्ती सांगितली: सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरा, माणूस आधी आडवा बसतो, मग दोन्ही पाय जोडून एकदम आत फिरतो, पिशवीवरून अंग सरकतं आणि कंबर पिळत नाही. दुकानातली साधी कॅरीबॅग. बसून झालं की ओढून घ्यायची, नाहीतर माणूस ब्रेक मारल्यावरही सरकतो.

टायरची हवा पाहिली. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतं, त्यावर आकडा लिहिलेला असतो. आमच्या टायरमध्ये त्याहून पाच जास्त होती. पंपावरचा पोरगा सगळ्यांना सारखीच भरतो आणि आपण मान हलवतो. हवा स्टिकरइतकी करून आणली तर घरापुढच्या गट्टूंवरच, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांवरच, फरक कळला. मी इतकी वर्षं दगडावर बसून गाडी चालवत होते.

मग रस्ता. खरं काम इथून सुरू झालं.

नकाशावर तीन रस्ते दिसत होते, निळा आणि दोन करडे. पहिला सरळ मधून: वर्धा रोड, अजनी, राहाटे कॉलनी, पंचशील चौक, व्हेरायटी चौक, झिरो माईल, सदर, मानकापूर. दुसरा थोडा पश्चिमेने: अजनीहून लक्ष्मीनगरचा आठ रस्ता चौक, बजाजनगर, शंकरनगर, लॉ कॉलेज चौक, सिव्हिल लाईन्स, जपानी गार्डन, काटोल रोड, मानकापूर. तिसरा अजून पश्चिमेने: रविनगर, भरतनगर, फुटाळा, सेमिनरी हिल्स, गिट्टीखदान. तिघांच्या वेळेत सात-आठ मिनिटांचा फरक. नकाशा मिनिटं सांगतो, आणि मला मिनिटं नको होती. कुठला रस्ता किती आदळतो, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

म्हणून ॲक्टिव्हा. सकाळी साडेसहाला निघायचं आणि नऊला ऑफिसच्या तयारीला परत यायचं. शंभर पानी वही, त्यात रकाने: ब्रेकर, रम्बलर, खड्डे, गट्टू, सांधे. पहिल्या दिवशी फक्त ब्रेकर आणि खड्डे हे दोनच रकाने होते, बाकीचे रस्त्याने शिकवले.

ब्रेकर म्हणजे सगळे सारखे नसतात. आमच्या ह्यांनी लगेच पुस्तकातलं सांगितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा ठेवल्यासारखा गोल. असा असला तर ताशी 25 किलोमीटरने गाडी त्याच्यावरून पाळण्यासारखी जाते. मी त्यांना म्हटलं, असा एक दाखवा. ते शोधायला माझ्यामागे ॲक्टिव्हावर बसून आले. सबंध सकाळीत दोन सापडले. बाकीचे म्हणजे रस्त्यावर आडवी झोपवलेली म्हैस. हातभर रुंद आणि वीतभर उंच, पुढचं चाक उतरून सावरायच्या आत मागचं चढतं. ह्यांचा आग्रह असा की त्याला ब्रेकर म्हणू नको, हम्प म्हण. मी वहीत म्हैस असंच लिहिलं. गोल आणि म्हैस, दोन उपरकाने.

रम्बलर म्हणजे त्या पांढऱ्या जाड पट्ट्या, पाच-सहा ओळीने. चौकाच्या आधी, शाळेच्या आधी. स्कूटरवर त्या किरकोळ वाटतात, दातातून जातात आणि विसरायला होतं. पण मी घरी येऊन बाबांना विचारलं, ऑटोत सगळ्यात जास्त कशाने दुखलं होतं? त्या आपटीनंतर घरापर्यंत येताना? ते म्हणाले, ब्रेकर एकदा मारतो, पट्ट्या मोजून मारतात. तेव्हापासून रम्बलरच्या एका संचाला मी दोन ब्रेकर धरले.

सिमेंट रस्त्यांचा प्रकार वेगळा. नागपूरकरांना सिमेंट रस्त्यांचं कौतुक आहे, मलाही आहे, पावसाळ्यात त्याची किंमत कळते. पण काँक्रीटचे तुकडे साधारण साडेचार मीटरचे असतात, दोन तुकड्यांमध्ये सांधा. ताशी 36 ने गेलं की सेकंदाला दहा मीटर, म्हणजे सेकंदाला दोन टकटक. सांधा नीट भरलेला असेल तर हे गाणंच आहे, झोप येते. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर खचलेला असेल तर मात्र प्रत्येक टक मणक्यात. ॲक्टिव्हावर हे नीट कळेना, म्हणून शनिवारी कार काढली आणि पुढच्या सीटवर गव्हाचे दोन कट्टे बेल्ट लावून बसवले. बाबा 52 किलोचे, कट्टे मिळून 50. वरच्या कट्ट्यावर स्टीलची वाटी, वाटीत काठोकाठ पाणी. सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "ताई, गहू कुठं फिरायला नेऊन राहिल्या?"

वाटीने बरंच सांगितलं. वर्धा रोडचा उड्डाणपूल घ्यायचा की खालून जायचं, यावर घरात दोन मतं होती. हा तोच पूल, खाली रस्ता, मध्ये पूल, वर मेट्रो, 3.14 किलोमीटरचा, गिनीज बुकात नाव असलेला. वर सिग्नल नाही, ब्रेकर नाही, माणूस आडवा येत नाही. पण कुठल्याही पुलाला जोड असतात आणि प्रत्येक जोडावर 'धप' होतं. ताशी 50 ने गेले तर वाटीतलं पाणी कट्ट्यावर. 30 ने गेले तर काठाशी येऊन परत फिरत होतं. खालून गेले तर पाणी बरं राहायचं, पण चौकाआधीच्या पट्ट्यांवर अर्धी वाटी जायची. पूल ठरला, 30 च्या वेगाने, डावीकडून. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

आणखी दोन गोष्टी वाटीकडूनच शिकले. पहिली, ब्रेक ब्रेकरच्या आधी मारायचा, त्याच्यावर चढताना पाय काढून घ्यायचा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक आधीच खाली बसलेलं असतं, स्प्रिंगला आणखी दबायला जागा उरत नाही. दुसरी, स्कूटरची सवय विसरायची. स्कूटरवर आपण ब्रेकरच्या कडेच्या फटीतून सटकतो. कार तशी नेली तर एक चाक खाली आणि एक वर, गाडी कलंडते आणि आतला माणूस पिळला जातो. दोन्ही चाकं एकदम, नाकासमोर.

या सगळ्या काळात बाबा पलंगावर पडून माझी वही वाचत होते. ते निवृत्त पोस्टमन. सिव्हिल लाईन्स आणि सदरची बीट त्यांनी सायकलवर कितीतरी वर्षं केली, जीपीओतून, म्हणजे मोठ्या पोस्टातून, पिशवी भरून निघायचं. माझे तीन रस्ते पाहून ते म्हणाले, "नकाशाले का समजते? त्यानं कधी सायकल चालवली काय?" मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या कामाबद्दल नीट ऐकलं. टपाल रस्त्याच्या क्रमाने लावून घ्यायचं, हे कोणीही करतो. पण क्रम कसला? जवळून लांब असा नाही. चढ कुठे आहे ते आधी बघायचं आणि तो शेवटी ठेवायचा, पिशवी हलकी झाल्यावर. उजवीकडे वळायचं काम कमीत कमी, कारण उजवीकडे वळताना रहदारीच्या मध्ये उभं राहावं लागतं. कुत्रं असलेला बंगला उतारावर घ्यायचा. "चढावर कुत्रं लागलं मंग तुह्या पत्राचं का होते, इचार कर."

कुत्र्यांचा मुद्दा मी सोडला, उजव्या वळणांचा घेतला. मधल्या रस्त्यावर व्हेरायटी चौकापासून झिरो माईलपर्यंत गर्दीत थांबत-निघत जावं लागतं, क्लच-ब्रेक, क्लच-ब्रेक. दबलेल्या मणक्याला तेही हिसकेच. ब्रेकर तिथे सगळ्यात कमी असूनही मी तो रस्ता काढून टाकला. बाबांचा झिरो माईल पुन्हा हुकला. इंग्रजांच्या सर्वेक्षणवाल्यांनी हिंदुस्थान मोजताना तिथे दगड रोवला, आणि मला 14 किलोमीटर मोजताना तो गाठता येईना. फुटाळ्याचा रस्ता वहीत पाच रम्बलर आणि सेमिनरी हिल्सचा चढ दाखवत होता, तोही गेला. उरला सिव्हिल लाईन्सचा. अकरा ब्रेकर, त्यात म्हशी चार. रम्बलर दोन.

"आता डांबराची वाट पाह्य," बाबा म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. डिसेंबर लागत होता. डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं. रामगिरी, देवगिरी, रविभवन, मंत्र्यांची उतरायची ठिकाणं, सगळं सिव्हिल लाईन्सच्या बाजूला. अधिवेशनाच्या आधी त्या भागातले खड्डे बुजतात, पट्टे रंगतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो. नागपूरचा माणूस थंडीवरून नाही, ताज्या डांबराच्या वासावरून डिसेंबर ओळखतो. पण अधिवेशन सुरू झालं की त्याच रस्त्यांवर बॅरिकेड, मोर्चे आणि लाल दिव्याशिवायचे पण तेवढेच घाईचे ताफे. म्हणजे डांबर पडल्यावर आणि आमदार यायच्या आधी, एवढीच फट. ती फट म्हणजे एक रविवार. रविवार म्हणजे शाळेच्या व्हॅनही नाहीत.

वेळेवरून थोडी घासाघीस झाली. मला सात वाजता निघायचं होतं, रस्ते मोकळे. फिजिओथेरपीवाली नको म्हणाली, सकाळी अंग आखडलेलं असतं, थंडीत जास्त. आंघोळ, शेक, मग डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, गोळीनंतर एक तास. हिशेब नऊवर आला.

शनिवारी रात्री ह्यांनी मागच्या काचेवर लावायला कागद आणला. मी लिहिणार होते, 'गाडीत पेशंट आहे'. बाबांना पेशंट शब्द चालेना. कागद मागून घेतला आणि पार्सलवर लिहायच्या त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'काच सामान. जपून.' खाली पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून मनीषनगर आणि पोचवायचा म्हणून झिंगाबाई टाकळी. पिन कोडसुद्धा घातले.

रविवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी बाबा कॅरीबॅगवरून फिरून सीटवर बसले. स्वेटर, त्यावर पट्टा, डोक्यात कानटोपी. हे मागे, हातात वही, पुढे काय येणार ते वाचायला. "शंभर मीटरवर म्हैस," ते म्हणायचे, मी ब्रेक मारायची, पाय काढायची, बाबा दोन्ही हात सीटवर टेकवून अंग थोडं उचलून धरायचे. ही सूचना आधी मिळणं किती महत्त्वाचं, ते मला गव्हाच्या कट्ट्यांनी सांगितलं नव्हतं. माणसाला कळलं की धक्का येतोय तर तो निम्मा स्वतःच झेलतो. ऑटोत बाबांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मनीषनगरचा रेल्वेपूल चढलो. पूर्वी इथे फाटक होतं. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मार्गांच्या गाड्या याच रुळांवरून जातात, त्यामुळे फाटक उघडं असणं ही बातमी असायची. माझ्या मुलाचा दहावीचा पहिला पेपर त्या फाटकाने जवळजवळ खाल्ला होता. ते असतं तर माझ्या पाऊण तासातला पाव तास तिथेच गेला असता. मग उड्डाणपूल, 30 च्या वेगाने. मागून एक जण हॉर्न वाजवत आला, काचेवरचा कागद वाचला असावा, कारण बाजूने जाताना बाबांकडे बघून हात जोडले. बाबांनीही जोडले.

आठ रस्ता चौक, बजाजनगर, शंकरनगर, सगळं वहीप्रमाणे. 22 मिनिटं झाली होती. लॉ कॉलेज चौकात सिव्हिल लाईन्सकडे जाणारा रस्ता बंद. बॅरिकेड, आणि त्याच्यापलीकडे रंगीत बनियनमध्ये धावणारी माणसं. कसलीशी रविवारची दौड. नऊ दिवसांत मी अधिवेशन, शाळा, डांबर, गोळी सगळं धरलं होतं. आरोग्यासाठी धावणारे लोक धरले नव्हते.

कॉन्स्टेबल म्हणाला, अर्धा तास लागेल. अर्धा तास बसून राहणं म्हणजे डॉक्टरांचा पाऊण तास इथेच संपणार. बाबा म्हणाले, "थांबू ना, मी सायकल लावून थांबत जाओ." पण आवाज बारीक झाला होता. ह्यांनी वहीची पानं मागे उलटली. फुटाळ्याचा रस्ता मी काढून टाकला होता, पान फाडलं नव्हतं. पाच रम्बलर कुठे कुठे ते सगळं त्यात होतं, दुकानांच्या खुणांसकट. डावीकडे वळलो, अमरावती रोड, रविनगर, भरतनगर. डावंच वळण, बाबांच्या नियमात बसलं.

फुटाळ्याच्या काठाने पट्ट्या आल्या त्या प्रत्येकीआधी गाडी जवळजवळ उभी केली आणि पहिल्या गियरमध्ये एकेक पट्टी उतरवली. मागे रांग लागली. तलावावर धुकं होतं, काठावर तर्री पोह्यांच्या गाडीपाशी गर्दी. बाबांनी मान न वळवता नुसतं नाक वर केलं. "पोहे दिसून राहिले." उतरून खायचं म्हणजे पुन्हा बसणं-उठणं. ह्यांनी धावत जाऊन पार्सल आणलं, तर्री वेगळ्या पिशवीत गाठ मारून. ती दोन मिनिटं माझ्या हिशेबात नव्हती, पण मणक्यापेक्षा तोंड महत्त्वाचं असतं कधीकधी. सेमिनरी हिल्सचा चढ लागला तेव्हा बाबा म्हणाले, "शेवटी आला ना चढ? पह्यलेच सांगतलं होतं." आता पिशवी मात्र भरलेली होती, पोह्यांची.

गिट्टीखदानहून अवस्थीनगरच्या बाजूने मानकापूर. नाव गिट्टीखदान, पण त्या दिवशी गिट्टी कुठे लागली नाही. घड्याळात 44 मिनिटं. बाबांनी एकदाही 'आई गं' म्हटलं नव्हतं. मी खांदे सैल केले.

भावाची गल्ली ठाऊक होती, लहानपणापासूनची. वहीत त्या गल्लीपुढे शून्य लिहिलं होतं, बुधवारीच पाहून गेले होते. आत वळले तर घरापासून साठ-सत्तर पावलांवर एक नवाकोरा, काळाकुळकुळीत ब्रेकर. पांढरा पट्टा नाही, पाटी नाही. पूर्ण वाढलेली म्हैस. मी गाडी तिच्या नाकाशी उभी केली.

भाऊ फाटकाशीच उभा होता. मला वाटलं बाबांना बघून खुश झाला. तो ब्रेकर दाखवत आला. "ताई, पाह्यला? दोन वर्षं अर्ज देऊन राहिलो होतो. पोरं बाईक कशी उडवत होती या गल्लीतून! शुक्रवारी रात्री टाकून दिला."

मी काही बोलले नाही. ह्यांनी खाली उतरून वीत लावली, मग टाच लावली, पुस्तकातला आकडा पुटपुटले आणि मान हलवली. बाबा म्हणाले, "मले उतरव. इथून मी चालतो."

कॅरीबॅगशिवायच दोन्ही पाय बाहेर काढले. भावजयीने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. दहा पावलं चालायचे, बसायचे, पुन्हा दहा. ब्रेकरवर पोचले तेव्हा त्यांनी खुर्ची नेमकी त्याच्यावर मध्यभागी ठेवायला लावली आणि बसले. ओट्यावरची चार म्हातारी उठून आली. तिथेच, रस्त्याच्या मधोमध, पोह्यांचं पार्सल सुटलं. एक पोरगं बाईकवर आलं, समोरचं दृश्य बघून गाडी बंद करून ढकलत बाजूने नेली. भाऊ म्हणाला, बघा, काम करून राहिला.

खाऊन झाल्यावर बाबांनी वही मागितली. शेवटच्या पानावर, मी जिथे शून्य लिहिलं होतं तिथे, त्यांनी रेघ मारून एक केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'म्हैस. अर्जदार, आमचे चिरंजीव.' मग वही भावापुढे धरली आणि बोट ठेवून दाखवलं, सही कुठे करायची ते.